बोर म्हणजे नेमकं काय होते?

सेलूच्या स्टँडवरून नागपूरची बस हलली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. "पोहचली की फोन करजो, अन् टायमावर जेवत जाजो," एवढंच म्हणाली. रडली नाही, मीही नाही. बस वळायच्या आत ती दुकान उघडायला निघालीसुद्धा. बाबा गेल्यापासून बांगड्यांचं दुकान ती एकटीच चालवते.

बंगळूरला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझी पार वाट लागली. फोनवर आवाज फुटेना. "काऊन वं, काय झालं?" आईनं विचारलं. करमत नाही म्हटलं असतं तर बाईनं शटर ओढून पहिली गाडी पकडली असती. म्हणून म्हटलं, "काही नाई, बोर होऊन राह्यलं."

आता आमच्याकडे बोर म्हणजे नदी, तिच्यावरचं धरण, नाहीतर शेतात पाण्यासाठी मारतात ती. "म्हंजे नेमकं काय होते?" तिनं विचारलं. मग मला जे होत होतं तेच मी नाक पुसत सांगून टाकलं. छाती भरून येते, घास उतरत नाही, हातपाय गळून जातात. त्याले इंग्रजीत बोर म्हणतात.

पुढं माझं बस्तान बसलं. पगार वाढला, मैत्रिणी झाल्या, आणि शब्दाचा अर्थही बदलला. मीटिंग बोर, कॅन्टीनचा भात बोर, लाँग वीकेंडसुद्धा बोर. तुम्हीही गाव सोडून गेला असाल, तर तुमच्याही तोंडात दिवसातून वीसदा असेलच की!

मागच्या वर्षी एक दिवस आई फोनवर म्हणाली, "बाई, आज लय बोर झालं." मला काय आनंद! आई मॉडर्न झाली म्हणून ऑफिसभर सांगितलं. तिला स्मार्ट टीव्ही पाठवला. "टीव्ही पाहूनही होते वं," ती म्हणाली. नंतर एकदा म्हणाली, "जिना चढली की जास्तच बोर होते." मी खो खो हसले. म्हटलं, जिना चढायला कोणाला मजा येते? चार महिने हे असं चाललं. चार महिने मी हसत होते, मूर्खासारखी.

मग शेजारच्या टेलरकाकांचा फोन आला. आई दुकानात बसल्या जागी कोसळली होती. त्यांनी तिला सावंगीच्या दवाखान्यात नेलं होतं. मी पोहोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. डॉक्टरबाई विचारत होत्या, त्रास कधीपासून?

"चार महिन्यांपासून बोर होऊन राह्यलं."

डॉक्टरबाई माझ्याकडे पाहून हसल्या. मीही हसले.

"हसून काय राह्यल्या तुम्ही?" आई चिडली. हात छातीवर ठेवला. "इथं भरून येते. घास उतरत नाई, हातपाय गळते. हिलेही झालतं बंगळूरले. हिचं आपोआप बरं झालं, म्हणून मीही वाट पाह्यली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि धावत कोणाला तरी बोलावलं.

दोन स्टेंट पडले. आई वाचली. चार महिने ती मला रोज सांगत होती, माझ्याच शब्दात, आणि मला तो शब्द कळत नव्हता! हे मनातून जात नाही, जाऊही नये.

घरी यायच्या आदल्या दिवशी तिनं विचारलं, "तुलेही हार्टचंच होतं का वं तवा?"

"नाई. तुझी आठवण येत होती. करमत नव्हतं."

"मंग तसं सांगाचं नाई का? मी आली असती."

"म्हणूनच नाई सांगितलं."

"अन् आता?" ती माझ्याकडे निरखून पाहत होती. "आता करमते तुले तिकडं?"

तिकडं मला करमतं. छान करमतं. घर कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजूनही सेलूच सांगते; पण त्या खाटेशेजारी बसून आईला हो म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

"करमत असंन," तीच म्हणाली, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.