सरांच्या पुसट स्लाइड्स

शाहूपुरीत आमच्यातल्या एकाचा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही सहा-सात हौशी तिथं जमायचो, खिडक्यांवर चादरी टाकायचो आणि किड्यांच्या स्लाइड्स भिंतीवर बघायचो. चतुर, नाकतोडे, मुंगळे. किडा मोठा दिसावा म्हणून लेन्स उलटी लावून, गवतात पालथं पडून काढलेले. रोल धुवायला पुण्याला जायचा, म्हणून फोटो कसा आलाय ते तीन-चार आठवड्यांनी कळायचं. आणि कळल्यावर कुणी कुणाची गय करायचं नाही. किड्याचा डोळा शार्प नसला की संपलंच. "हे काय काढलंयस, बटाटा?" इथनं सुरुवात. तोंडदेखलं गोड बोलायचं नाही, हा तर नियमच होता. मी जे काही शिकलो ते त्या शिव्या खाऊनच.

सगळ्यात जास्त झोडपायचे ते सर. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, गारगोटीहून एसटीनं यायचे. माझी एक स्लाइड त्यांनी सरळ स्वतःच्या खिशात घातली होती. म्हणाले, "ही परत दाखवलीस तर बघ."

मग सरांची बायको गेली. दोन महिने सर आले नाहीत. आले तेव्हा निम्मे झाले होते, पण हातात स्लाइड्सचा डबा होता.

"डोळ्यापुढं जरा धुरकट हाय," बसता बसता ते म्हणाले. "पण फोटो शार्प येतायत तवर मला काय धाड भरलीय?"

पहिली स्लाइड लागली. उसाच्या पानावर चतुर. पुसट. स्टुडिओवाल्यानं प्रोजेक्टर पुढं-मागं करून बघितला, तरी पुसटच. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. सर माझ्याकडं वळले. "चतुराचा डोळा शार्प बसलाय न्हवं?"

काय सांगणार, कप्पाळ! घरात एकटा पडलेला माणूस, किड्यांमागं फिरून कसाबसा दिवस काढतोय. माझी जीभच रेटेना.

"लय भारी, सर," मी म्हणालो. मग सगळेच म्हणाले.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आपण फार माणुसकीनं वागतोय असं वाटत होतं आम्हाला. मूर्ख होतो, दुसरं काय!

चौथ्या खेपेला सर स्टुडिओची पायरी चुकून पडले. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने आधी आणलं असतं तर बरीच नजर वाचली असती.

आठवड्यानं मी एकटाच गारगोटीला गेलो आणि सगळं कबूल केलं. एकही फोटो शार्प नव्हता, सर. पहिल्या दिवसापासनं. मला वाटलं, हाकलून देतील. दिलं असतं तर बरं झालं असतं.

 माझा आवाज येत होता त्या बाजूला तोंड करून सर म्हणाले, "पोरगी सासरहून रोज फोनवर सांगायची, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, कशाला? ही पोरं माझ्याशी खोटं बोलायची न्हाईत."