बिनफवारणीचा वाफा

माझ्या पत्नीने जिवापाड जपलेली प्रार्थनाकीटकाची मादी थंडीने मेली नाही. ती माझ्या आळसाने मेली. दोन वर्षे ही गोष्ट मी कोणालाही कळू दिली नाही.

लोणीच्या आमच्या घरी, पडवीत, तिची जाळीची पेटी असे. हिरवीगार, बोटाएवढी, पुढचे पाय जोडून बसणारी. पत्नी जवळ गेली की ती मान वळवून पाहायची.

"बगा, सासूबाईंनी मान फिरवली," पत्नी हसून म्हणायची, "आता काढतील माझी चूक!"

तिच्या खाण्यासाठी पत्नी एका मोठ्या डब्यात, अंड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये, रातकिडे वाढवी. त्यांना मेथीचा पाला लागे. बाजाराच्या मेथीवर आम्ही औषध फवारतो. घरच्या खाण्यासाठी विहिरीजवळचा एक वाफा मात्र बिनफवारणीचा ठेवतो. पाला तिथलाच आणायचा, हे तिने मला पुनःपुन्हा बजावले होते.

एके सकाळी मंचरला माल न्यायची घाई होती. विहिरीपर्यंत जायचा मी कंटाळा केला आणि टेम्पोत चढवायच्या जुडीतली मूठभर पाने डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी निम्मे रातकिडे उताणे पडले होते. मी ते गुपचूप उकिरड्यावर टाकले. तेवढ्यात पत्नी आली, उरलेल्यांतला एक चिमट्याने उचलून तिने मादीपुढे धरला. मी शेजारीच उभा होतो. 'थांब' एवढे म्हटले तरी पुरले असते. माझ्याने ते म्हणवले नाही.

संध्याकाळी मादीचे पाय थरथरू लागले. जाळीवरची पकड सुटली.

"काल पडवीची खिडकी उघडी राह्यली माझ्याकडनं," पत्नी पुटपुटली. "गारठली असंल का वो?"

"थंडीच बाधली असेल," मी म्हणालो.

तिने पेटी धुऊन माळ्यावर टाकली.

यंदा डाळिंबाच्या फांदीवर प्रार्थनाकीटकाच्या अंड्यांची, वाळलेल्या फेसासारखी कोशी दिसली. फांदी कापून मी हौसेने घरी आणली. पत्नीने कोशीवरून अलगद बोट फिरवले आणि हात मागे घेतला.

"जितली तितं ठिवून या. माझ्या हाताला न्हाई जगत ती."

ही समजूत मीच तिच्या पदरात टाकली होती. फांदी हातात तशीच धरून मी म्हणालो, "तुझ्या हातानं काही झालं नाही. पाला मी बाजारच्या जुडीतला घातला होता. मेलेले किडे लपवले, आणि तू तिला भरवताना नुसता बघत राहिलो. दोष तुझ्यावर जाऊ दिला. चुकलो मी. मला माफ कर."