होडीचे पितळी स्क्रू

नदीपलीकडच्या गावात माझी शाळा होती. एकशिक्षकी, म्हणजे घंटा वाजवणारी मीच, शिकवणारी मीच आणि मी नसले की दाराला कुलूप. त्या गावात एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी अलीकडं नळदुर्गात आईबरोबर राहायची. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात येऊन दोनेक वर्षं झाली होती. पावसाळ्यात बोरी नदी फुगली की आठ-आठ दिवस पलीकडं जाता येत नसे. तपासणीला आलेल्या साहेबांनी तोंडावर सांगितलं, "यंदाही पावसाळ्यात शाळा बंद राहिली तर ती इथून हलवावी लागेल." मुलगे चार मैल चालून दुसऱ्या गावी गेले असते. माझ्या अकरा मुलींना कुणी पाठवलं नसतं, आणि त्या अकराजणींना मी घरोघर भांडून शाळेत आणलं होतं.

पूर आला की लोक गुळाच्या काहिलीत बसून नदी पार करायचे. पलीकडच्या गुऱ्हाळमालकांची ती भलीमोठी लोखंडी कढई पावसाळ्यात रिकामीच असे. त्यांचा गडी बांबूनं ती ढकलत आणायचा. मी विचारायला गेले.

"बाई, तुमास्नी न्हाय म्हणायला जिवावर येतंय," मालक म्हणाले, "पर काहिलीत बाईमाणूस बसलं की गूळ बिघडतो."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या गुऱ्हाळावर चुलवणात जाळ घालायला बायकाच होत्या. तेव्हा नव्हता बिघडत गूळ!

"तुमची काहील तुमालाच लखलाभ," मी म्हणाले. "मी माझी होडी करते."

रागात बोलून गेले खरी, पण मग मागं फिरणं माझ्यानं होईना. एका जुन्या इंग्रजी मासिकात प्लायवूडच्या छोट्या होडीचा नकाशा होता. मी सोलापूरहून प्लायवूड आणलं आणि शेजारच्या मिस्त्रीचाचांना गळ घातली. चाचांनी गावातली निम्मी दारं-खिडक्या बसवल्या होत्या. माझ्या वडिलांच्या वयाचे. मला 'बेटी' म्हणायचे. आमच्याच अंगणात सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला, आणि प्लायवूड त्यावर कशानं जोडायचं यावरून आमची जुंपली.

चाचा लोखंडी खिळ्यांवर अडून बसले. येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांच्याच बाजूचा. बैलगाडी लोखंडावर चालते, मग होडी काय आभाळातून पडली? मी वाद घातला नाही. लोखंडी खिळा, तांब्याचा खिळा आणि पितळी स्क्रू असे तिन्ही पाण्याच्या मडक्यात टाकले. पंधरा दिवसांनी लोखंडी खिळ्यानं पाणी तांबडं करून सोडलं. तांबं चांगलं राहिलं, पण सागात ठोकताना तो खिळा वाकला. पितळेला काहीच झालं नव्हतं. चाचांनी मडक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है. पितळ तर पितळ."

मला वाटलं, जिंकले. मी शाळेत होते त्या दोन दिवसांत त्यांनी तळाचे सगळे स्क्रू बसवून टाकले. फटींत डांबरात भिजवलेला कपडा दाबला. पहिला पाऊस होऊन गेल्यावर होडी नदीत उतरवली. दहा हात गेले नाही तोच तळ सुटायला लागला. मी घोटाभर पाण्यात, आणि पलीकडच्या काठावर गुऱ्हाळमालक पोट धरून हसताहेत! परत येताना मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

अंगणात होडी पालथी घातली. एक स्क्रू चिमटीत धरून ओढला, तर न फिरवताच सरळ हातात आला.

"चाचा, हे कसे बसवले तुमी?"

"कसे म्हंजे? हातोडीनं. शेवटाला दोन फेरे पेचकसानं. चाळीस वर्सं झाली बेटी, दरवाजे असेच बसवतो. एक बी निघाला न्हाय."

"दरवाजा पाण्यात पोहत न्हाय, चाचा."

ते रागावले. हत्यारांची पिशवी उचलून निघून गेले. मीही बोलावलं नाही. ठोकलेल्या स्क्रूनं लाकडातले रेशे फाडले होते, तिथं पुन्हा पकड येणार नव्हती. सगळे स्क्रू काढले, जुन्या भोकांत बाभळीच्या खुंट्या मारल्या आणि बाजूला गिरमिटानं नवी भोकं पाडायला बसले. स्क्रूला साबण लावायचा आणि पेचकसानं पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत फिरवायचा. तळहाताला फोड आले. आई म्हणाली, "पुरे कर आता, शोभत न्हाय." मी पेचकस दुसऱ्या हातात घेतला.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. मी बसवलेला एक स्क्रू त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला, नखानं उचकटून पाहिला. मग माझ्या हातातून गिरमिट घेतलं. "भोकं मी पाडतो. तू फिरव," म्हणाले. त्या दिवसानंतर त्यांनी स्क्रूवर हातोडी उचललेली मी पाहिली नाही.

त्या पावसाळ्यात शाळेला एक दिवसही कुलूप लागलं नाही. भर पुरात साहेब अलीकडच्या काठावर येऊन उभे राहिले, तेव्हा मीच त्यांना होडीतून पलीकडं नेलं. दारात थांबलेल्या मुली कुलूप उघडताच आत बसून पाढे म्हणायला लागल्या. शाळा हलवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

आणि श्रावणातल्या एका सकाळी गुऱ्हाळमालक अलीकडच्या काठावर अडकले. सोलापूरहून परतले होते. काहील पलीकडं, आणि गडी हाकेला ओ देईना. मी होडी सोडत होते. ते होडीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, मला बी न्हेता का?"

"बसा की," मी म्हणाले. "पुरुषमाणूस बसल्यानं माझं काही बिघडत न्हाय."

ते मान खाली घालून बसले. दोन्ही हातांनी होडीची कड घट्ट धरली. मी मुद्दाम सावकाश वल्हवलं.