नऊ वाजून बारा मिनिटांची नोंद

केराबाई कोळेकर म्हणजे कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई. नवरा सोलापुरात एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागेवर हिला घेतलं. दहावीला दोनदा बसली, दोनदा आपटली, पण हात असा चलाख की बघत राहावं. ऑफिस उघडायचं साडेदहाला. ही नऊला हजर. झाडलोट, पाणी, उदबत्ती, सगळं उरकून हेडक्लार्क भाऊसाहेबांच्या टेबलावर चहाची जागा पुसून ठेवायची, तेव्हा कुठं बाकीचे एकेक उगवायचे.

संस्थेच्या चाळीस शाळा. मंगळवेढ्यापासून पार वैरागपर्यंत. प्रत्येक शाळेची प्रवेशाची जुनी रजिस्टरं ह्या ऑफिसात तीन खोल्या भरून. काही तर स्वातंत्र्याच्या आधीची. कुणाचा आजा कधी शाळेत घातला, जन्म कधीचा, जात कोणती, सगळं त्यात. आज जातीचा दाखला पडताळायचा म्हटलं की आधी तेच रजिस्टर हुडकायचं. अहो, कैक पोरांचं कॉलेजचं नशीब त्या पिवळ्या पानांत होतं.

आणि त्याला लागली वाळवी. मग संस्थेच्या कमिटीनं ठरवलं, सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाकायचं. क्लाउड म्हणजे कुठल्यातरी लांबच्या कंपनीचे कॉम्प्युटर. त्यातही ही जुन्या मालाची कोठी. रोज लागणार नाही असं सामान तिथं ठेवायचं, आणि लागलं तर अर्ध्या दिवसानं बाहेर निघायचं. स्कॅनिंगला माणूस कोण? केराबाई. दाढीच्या ब्रशनं वाळवी झाडायची, पट्टीनं पान उलटायचं, काचेवर ठेवायचं. तीन वर्षांत चौऱ्यांशी हजार पानं केली त्या बाईनं. एक पान तिरकं नाही. मग कागद गेला लगद्याला, आणि खोल्या झाल्या कॉम्प्युटर लॅब.

आता ह्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. संस्था काढली वीरभद्रप्पांनी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अक्कलकोटकडचे, वय अठ्ठ्याऐंशी, सायकलवर फिरून शाळा उभ्या केल्या. त्यांचा मान असा की हजेरीच्या मस्टरवर रोज पहिली ओळ अण्णांची. अण्णा येवोत, न येवोत. आवक-जावकच्या वहीतही पहिलं नाव त्यांचंच. मग कोठी उघडायची वेळ आली तेव्हा खातं काढलं अण्णांच्या नावानं, ईमेलही त्यांच्याच नावाचा नवा काढला, आणि रोज सकाळी कोठी पहिल्यांदा उघडायची ती अण्णांच्या नावानं. नंतर बाकीच्यांनी आपलं काम करायचं. ही सकाळची रीत ऑफिसापुरतीच, वर कमिटीला ती कुणी सांगितलेली नव्हती.

हा मान पाळायचं काम हेडक्लार्क बिभीषण भाऊसाहेबांकडं. कागदावर हां! भाऊसाहेब उगवायचे अकराला. पहिल्या महिन्यातच त्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून केराबाईच्या हातात ठेवला. "मावशी, उदबत्ती लावतीस तशी एवढं पण कर. इंग्रजीत काही आलं तर घाबरायचं न्हाय. हिरवं दिसलं की दाबायचं. लाल दिसलं तर मला फोन." झालं, एवढंच शिक्षण.

यंदा जुलैत मंगळवेढ्याहून ज्ञानबा नावाचा एक गडी आला. पोरीला मेडिकलला नंबर लागलेला, पडताळणीला चार दिवस उरलेले, आज्याची नोंद पाहिजे. भाऊसाहेबांनी ऐटीत कोठी उघडली. आत काही नाही! पुन्हा उघडली. काही नाही. मोहोळची शाळा बघितली, वैरागची बघितली. चौऱ्यांशी हजारातलं एक पान नाही. भाऊसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. ज्ञानबा आपला उभा, म्हणतोय, "साहेब, बसू का जरा येळ?"

संध्याकाळपर्यंत ऑफिसभर एकच कुजबुज. कोण हात लावत होतं त्या मशीनला? मावशी. कोण नसताना ऑफिसात कोण असतं? मावशी. कुणीतरी म्हणालंच, "झाडून टाकलं असंल केरासंगं." आणि लोक हसले. हसले हो! केराबाईनं ते दाराआडून ऐकलं. कपबशा तशाच बेसिनमध्ये ठेवल्या आणि घरी जाऊन भाकरीचा तुकडा मोडला नाही. ते नुसते फोटो होते का? तीन वर्षं तिनं नाकातोंडात धूळ घेतली होती. आपल्याच हातची पानं आपण टाकू? नोकरी गेली तर गेली, पण हा बट्टा तिला सोसवेना.

कोठीचं काम मूळ बसवून दिलं होतं ते अंकितानं. अशोक चौकात तिचं छोटं दुकान, पोरगी हुशार आणि तोंडानं फटकळ. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा केराबाईनं तिला जिन्यातच गाठलं.

"पोरी, कुणी उघडलं, कुणी काय केलं, ते कुटं लिवलेलं असतं का गं?"

"असतं की. ऑडिट लॉग म्हणतात त्याला. मिनिटामिनिटाची नोंद. ती कुणाला खोडताही येत नाही."

"मग ती सगळ्यांच्या म्होरं वाच. माजी शपथ हाय तुला."

अंकितानं वाचायचं कबूल केलं. दुपारी कमिटी बसली. अण्णाही आले, काठी टेकत. बातमी त्यांना सकाळीच कळलेली. खुर्चीत बसले ते भिंतीकडं बघत. त्यांच्या सायकलीच्या दिवसांचा एकेक कागद त्यात होता.

अंकितानं आधी कंपनीचं सांगितलं. कंपनीनं ही जुन्या मालाची सेवाच बंद केली. माल दुसऱ्या कोठीत हलवा म्हणून वर्षभरात चौदा पत्रं पाठवली. सगळी अण्णांच्या नावाच्या ईमेलवर. "तो ईमेल कोण बघतं?" तिनं विचारलं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. अहो, तो ईमेल अण्णांना माहीतच नव्हता! मान म्हणून नाव घातलं, पत्रं साचत राहिली, आणि एकालाही वाटलं नाही की पेटी उघडून बघावी. कमिटीतला एक जण तर "चौदा?" एवढंच तीनदा म्हणाला.

"पण पत्रं वाचली नाहीत म्हणून माल जात नव्हता," अंकिता म्हणाली. "कंपनी आणखी वर्षभर तसाच ठेवणार होती. फोन करून विचारणार होती. इथून कुणीतरी संमती दिली, म्हणून पुसलं. आता परत मिळायचं नाही, मी कंपनीशी दोन तास बोलले."

"कुणी दिली?"

अंकितानं पडदा सगळ्यांकडं वळवला आणि वाचलं, "चौदा मार्च. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. वापरणारा, वीरभद्रप्पा. सेवा बंद करण्यास आणि सर्व माल नष्ट करण्यास संमती."

अण्णा? संस्था ज्यांनी काढली त्यांनीच? भाऊसाहेबांनी मान खाली घातली ती वर काढेनात. कमिटीतला तोच माणूस घाईघाईनं म्हणाला, "मशीनचं काय खरं असतंय. मिटवून टाका. ही गोष्ट ह्या खोलीबाहेर जाता कामा नये." सगळ्यांनी माना हलवल्या. मावशीचं नावही कुणी काढेना. सुटली होती ती. धुतल्या तांदळासारखी.

आणि चहाचा ट्रे घेऊन आत येणारी केराबाई दारातच थांबली.

नऊ वाजून बारा मिनिटं! त्या वेळेला ह्या ऑफिसात दुसरं असतं कोण? तिला ती सकाळ आठवली. उदबत्ती लावली, अण्णांच्या नावानं उघडलं, आणि इंग्रजीची ही मोठी चौकट आली. खाली बटण. हिरवं. तिनं दाबलं, आणि फडकं घेऊन खिडक्या पुसायला गेली. देवा रे! ज्या नोंदीवर विसंबून ती सकाळपासून जीव धरून होती, तिनंच तिला धरलं होतं, आणि ते तिच्याशिवाय एका माणसालाच ठाऊक होतं. तिनं भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेब चपलेचा अंगठा बघत होते. बोल ना माणसा! पण नाही.

तेवढ्यात अण्णा बोलले.

"असंल. मीच केलं असंल. हल्ली माझ्या लक्षात ऱ्हात न्हाय. घरातली नावं इसरतो मी. ह्या हातानं उभं केलं आणि ह्याच हातानं..." त्यांनी हात उताणे करून बघितले. मग अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला. "माझं नाव काढा संस्थेवरनं. माझी लायकी न्हाय."

केराबाईनं ट्रे टेबलावर ठेवला आणि अण्णांच्या पुढं गेली.

"अण्णा, ते तुमी न्हाय."

"केराबाई, तुमी बाहेर थांबा," कमिटीवाला खेकसला.

"न्हाय थांबणार. अण्णा, रोज सकाळी तुमच्या नावानं मी उघडती. सात वर्सं. ते बटण मी दाबलं. हिरवं होतं म्हणून दाबलं. हिरवं दाबायचं असं मला शिकवलं हुतं." कुणी शिकवलं ते ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती, भाऊसाहेब घामानं निथळत होते.

अण्णांनी डोळे पुसले. त्यांना आधी समजेचना. मग समजलं, आणि म्हातारा जो भडकला!

"सात वर्सं माझ्या नावानं उघडताय? आणि मला ठावं न्हाय? ती चौदा पत्रं मला आली, आणि मला ठावं न्हाय? अरे, मान दिलासा, पण इचारलं का कुणी मला? एकदा तरी?"

काठी जमिनीवर आपटून अण्णा म्हणाले, "पोरी, मूळचं वाच. ती पानं चढवली कुणाच्या नावानं?"

अंकितानं बोट सरकवत नेलं. वाचताना तिचाच आवाज उतरत गेला. "वापरणारा, बिभीषण. बिभीषण. बिभीषण... सगळी चौऱ्यांशी हजार, अण्णा. मावशींचं खातंच काढलेलं नाही."

म्हणजे बघा. बाईनं तीन वर्षं राबून केलं ते भाऊसाहेबांच्या नावावर, आणि एका सकाळी जे बिघडलं ते अण्णांच्या. खोलीतल्या एकेकाला ते कळलं आणि एकेकाची मान खाली गेली. भाऊसाहेब उठले, "मीच तिला..." एवढं म्हणाले आणि परत बसले. केराबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"काय कारवाई करायची ती माज्यावर करा," ती कमिटीला म्हणाली आणि अंकिताकडं वळली. "पन ते अण्णांचं नाव खोड आधी."

"लॉगमधलं खोडता येत नाही, मावशी. त्याच्या खाली खुलासा लिहिता येतो. प्रत्यक्ष कुणी केलं त्याचं नाव घालून."

"मग लिव की."

"पूर्ण नाव सांगा."

"केराबाई धुळा कोळेकर."

अंकितानं हळूहळू टाईप केलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. केराबाई पुढं वाकली, अक्षरावर अक्षर जुळवत वाचलं, आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली.

अण्णांनी खुर्चीतनंच विचारलं, "केरा, ह्या मशीनीत आदी कुटंच तुझं नाव न्हाय?"

"न्हाय अण्णा," केराबाई म्हणाली. "हे पयलंच."