रेषेच्या एक वीत आत

"हरते रे, तो बी हरते. माणूसच आहे ना?" टेनिसमध्ये मॅनेजरसाहेबांकडून हरून आल्यावर चेंडू सदऱ्याला पुसत भाऊ असं म्हणायचे. दरवर्षी म्हणायचे, कारण दरवर्षी हरायचे.

भाऊ म्हणजे आमच्या मँगनीज खाणीच्या दवाखान्यातले कंपाउंडर. साकोलीकडचे, एकोडीचे, धानाची शेती असलेल्या घरातले. आता ते नाहीत.

मी राजापूरकडचा. सातवीत शाळा सुटली, काही वर्षं इकडेतिकडे राबलो आणि एका मुकादमाच्या भरवशावर भंडारा जिल्ह्यात आलो. तर मुकादमच खाण सोडून गेलेला. दवाखान्याच्या ओट्यावर बसून रडत होतो.

"काहून रडून राहिला बे? कुठं दुखते?"

दुखत काहीच नव्हतं. तरी भाऊंनी आधी खोकल्याचं गोड औषध पाजलं, मग घरी नेऊन भात वाढला आणि पुढं साहेबांच्या मागे लागून खाणीतलं पाणी उपसायच्या पंपावर लावून दिलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उपकार करतात आणि वर चिडवतात. मी त्यांचा 'कोकण्या'.

खाणीत गोऱ्यांच्या वेळचं टेनिसचं मैदान होतं. मुरुमाचं, शेणानं सारवलेलं, वर चुन्याच्या रेषा. तिथले राजे मॅनेजरसाहेब. आल्यापासून संक्रांतीच्या सामन्यात त्यांना कोणी हरवलं नव्हतं. खेळ पक्का होताच; पण आणखी एक कारण होतं, ते साहेब सोडून सगळ्यांना माहीत होतं. रेषेवर पंच म्हणून कचेरीतले मोठे कारकून, बडे बाबू बसायचे. रेषेला शिवलेला चेंडू खरं तर आत धरतात, पण साहेबांच्या समोरच्याचा असला की ते 'आउट' द्यायचे. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी तक्रारही केली नव्हती. साहेब शिस्तीचे. पंचानं सांगितलं की संपलं, चेंडूची खूण बघायला ते वाकायचे नाहीत.

भाऊंनी यावर तोड काढली होती. सरावाला रेषेच्या एक वीत आत सुतळी ताणायचे आणि सुतळीच्या आतच मारायचे.

"रेघेवरचा चेंडू साहेबाचा. आपलं मैदान येवढंच."

"एवढ्याशा मैदानात साहेब हरतील का, भाऊ?"

"तू आपला पंप पाह्य."

त्या वर्षी संक्रांतीला बडे बाबूंचे डोळे आले. काळा चष्मा लावून ते मागे बसले आणि रेषेवर मला बसवलं. कानाशी येऊन म्हणाले, "पद्धत माहीत आहे ना? तुझा कायम व्हायचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, बरं का."

ज्या माणसामुळं मी जेवत होतो तो एका बाजूला, आणि ज्याच्या सहीवर जेवणार होतो तो दुसऱ्या बाजूला.

पहिला सेट साहेबांचा, दुसरा भाऊंचा. तिसऱ्यात बरोबरी झाली. मी मनात एकच घोकत होतो, भाऊ, रेषेकडे येऊ नका.

तेवढ्यात साहेब जाळीपाशी धावत आले. भाऊंना एकच वाट उरली, रेषेवरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिकडे मारला. चेंडू माझ्या पुढ्यातच पडला. खूण अर्धी शेणावर, अर्धी चुन्यावर.

मागून बडे बाबू खोकले.

भाऊ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. पुढची सर्व्हिस घ्यायला मागे निघाले होते, खांदे पाडून. त्यांनी तो चेंडू गेला असंच धरलं होतं. ते मला बघवेना. मी तळहात जमिनीकडे करून हात पुढं धरला. "आत!"

साहेब चालत आले. पहिल्यांदा वाकले. खूण बराच वेळ बघितली, मग बडे बाबूंकडे बघितलं. बाबूंनी चष्मा काढला आणि डोळे पुसायला घेतले.

"खेळा," साहेब म्हणाले.

आता भाऊ जिंकणार, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं. पण त्यानंतर त्यांचा एक चेंडू नीट पडेना. कधी रेषेबाहेर हातभर, कधी जाळीत. सेट साहेबांनी सहज घेतला.

घरी परतताना मी विचारलं, "भाऊ, माझ्यामुळं हरलात का?"

"नाही रे. मैदान एकदम मोठं झालं. कुठं मारू, समजेचना."

त्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. त्यांनी कागदावर सही केली आणि मान वर न करता म्हणाले, "आत होता."

मग भाऊंनी सुतळी काढून टाकली. रोज पहाटे रेषेवर एक पानाचा डबा ठेवून त्यावर नेम धरायचे. डब्याचा खणखणाट पंपापर्यंत यायचा. वहिनी वैतागल्या, "पान कायच्यात ठेवू मी आता?" संक्रांतीची वाट बघत दिवाळी गेली आणि साहेबांच्या बदलीचा हुकूम आला.

निघायच्या सकाळी सामान भरलेली जीप दवाखान्यासमोर थांबली. साहेब रॅकेट घेऊन उतरले. "कंपाउंडर, रेल्वेला वेळ आहे. एक सेट."

रेषेवर कोणी बसलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचं सांगायचं, असं ठरलं. मी पंप चालू ठेवून कुंपणापाशी उभा होतो. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, साहेब हात उडवून त्याला गप्प करत होते. शेवटी भाऊंचा चेंडू कोपऱ्यात पडला. साहेब तिथं गेले, वाकले आणि स्वतःच म्हणाले, "आत."

सेट भाऊंचा झाला. साहेबांनी हात मिळवला, पाठीवर थाप मारली आणि धावत जीपमध्ये बसले.

मी कुंपणावरून उडी मारून आत गेलो. "भाऊ, हरवलंत! साहेबांना हरवलंत!"

भाऊ हसले नाहीत. जीप गेली त्या दिशेला धूळ होती, आणि जाळीपलीकडं कोणी नव्हतं.

"आता कोणासंग खेळू रे, कोकण्या?"

मला टेनिस येत नव्हतं. मी चपला काढल्या आणि पलीकडं जाऊन उभा राहिलो.