भात्याचा हात

हिंगणीच्या भजनी मंडळात तीस वर्षं पेटी माझी. उजवा हात पट्ट्यांवर, डावा मागे भात्यावर. डाव्याला सूर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, तो नुसता हवा भरणारा गडी. गेल्या वर्षी लकवा मारला आणि नेमका उजवाच गेला.

सेवाग्रामच्या दवाखान्यात व्यायाम करून घेणारी पोरगी रोज सांगायची, काका, मूठ उघडा. उघडतेय कसली! मी चिडायचो, तिच्यावर, बायकोवर, चहाच्या कपावरसुद्धा. मंडळातले भेटायला आले की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. पेटीशिवाय त्यांच्यात बसायचं माझ्या जिवावर यायचं.

दिवाळीत नागपूरहून लेक आली ती विजेवरचा छोटा पियानो घेऊन. तिच्या मैत्रिणीनं हल्लीच एक तुकडा रचला होता, जेमतेम दीड मिनिटाचा. त्यात फक्त सा आणि प यांच्यातलं अंतर. ती जोडी वर जाते, खाली येते, कधी एकत्र वाजते, कधी एकामागून एक. अंतर तेवढंच राहतं. मी म्हटलं, हे काय गाणं झालं? पेटी सुरात आहे का बघतानाही मी याच्याहून जास्त वाजवायचो.

"डाव्या हातानं वाजवा ना, बाबा," ती म्हणाली. "अंगठा अन् करंगळी, बस. मधल्या बोटाईचं काम नाई."

बसलो. दोन सूर वाजले की डावा हात पट्ट्या सोडून पियानोमागे भाता शोधायला जायचा. एकदा नाही, दहादा! मायलेकी हसल्या, मी भडकलो, आणि मग मलाही हसू आवरेना. आजारपणानंतर पहिल्यांदा घरात असं हसणं झालं. चौथ्या दिवशी हात मागे जायचा थांबला.

भाऊबीजेला दुपारी तुकडा पहिल्यांदा सलग वाजवत होतो. बायको समोर येऊन उभी राहिली.

"थांबू नका," ती हळूच म्हणाली. "पण उजव्या हाताकडे पाहा."

मांडीवर पडलेली मूठ उघडत होती, मिटत होती. थोडीशीच, पण लयीत. उजवा भाता मारत होता.

डोळ्यांना धारा लागल्या, तरी शेवटपर्यंत वाजवलं. मग मंडळात निरोप धाडला, गुरुवारी येतो, पेटी पुसून ठेवजा.