‘डझ नॉट’ म्हणजे रोजचं

कचरा निवडण्याच्या शेडमध्ये थोरलीचं आणि ऑफिसातल्या कारकुनाचं पहिल्यापासून वाकडं होतं. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या, पुठ्ठा, पत्रा वेगळा करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती, तरी तो तिला "ए, पट्टा नंबर दोन" अशीच हाक मारायचा. तिनं त्याचं नाव ‘मास्तर’ पाडलं होतं. बायकांना जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी शिकवायचं काम वरच्या साहेबांनी त्याच्या गळ्यात मारलं होतं, आणि तो ते दातओठ खात करायचा.

"द डॉग बार्क्स. बार्कला एस! कुत्रा रोज भुंकतो, म्हणून साधा वर्तमानकाळ. काल भुंकला, तर भूतकाळ. डोक्यात भुसा भरलाय का तुमच्या?"

"भुसा असेल तर तोही वेगळा करून ठेवू," थोरली म्हणाली. बायका खिदळल्या. शिक्षा म्हणून त्यानं तिला पन्नास वाक्यं लिहायला लावली. मी पाचला उठते, मांजर दूध पिते, मी बाटल्या निवडते. तिनं वही फाटेल इतका जोर देऊन लिहिली, पण लिहिली.

पुढच्या सोमवारी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या जावेचा तळहात फुटक्या बरणीनं चिरला. सात टाके पडले. हातमोजे संपून पंधरा दिवस झाले होते, थोरलीनं तीनदा मागितलेही होते. मंगळवारी सकाळी कारकुनानं अपघाताचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला.

"साक्षीदार म्हणून सही कर. तुझ्या जावेनं केलीय."

थोरली एकेका शब्दावर बोट ठेवत वाचू लागली. ‘शी डझ नॉट वेअर ग्लव्हज.’ बोट थांबलं.

"हे ‘डझ नॉट’ कशाला?"

"आता तू मला व्याकरण शिकवणार?"

"तुम्हीच शिकवलंत. डझ म्हणजे रोजचं. म्हणजे ती कधी मोजे घालतच नाही, असं झालं. ती घालते. काल नव्हते, कारण तुम्ही दिले नव्हते. ते लिहा."

"सही कर, नाहीतर फुटक्या काचा निवडायच्या पट्ट्यावर उभी करीन."

"करा." तिनं त्याचंच पेन उचलून वाक्य खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘यू डिड नॉट गिव्ह ग्लव्हज.’

त्यानं फॉर्म हिसकावला. "स्पेलिंग चुकलंय, गाढवे!"

"वाचता आलं ना तुम्हाला? मग झालं."

फॉर्मवर छापील नंबर होता, त्यामुळे तो फाडता येईना. खाडाखोडीसकट साहेबांकडे गेला. शुक्रवारी मोज्यांची दोन खोकी आली. वर्ग बंद झाला. थोरली काचेच्या पट्ट्यावर गेली.

घरी धाकटी जाऊ तिच्यावरच उखडली. "तुला कुणी सांगितला होता शहाणपणा? मी सही केली होती ना? आता तो माझ्याकडे डोळे वटारून बघतो."

"न वाचता केलीस."

"मला येत नाही वाचायला!"

"मग शीक."

"तुझ्याकडून? मेले तरी नाही." असं म्हणत धाकटी पट्टी बांधलेल्या हातानं कांदा धरून चिरायला लागली. थोरलीनं तिच्या हातातली सुरी ओढून घेतली. धाकटी ताडकन उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार आपटून आतून कडी लावून घेतली.

थोरलीनं कांदा संपवला आणि बटाटे पुढे ओढले.